फ्लेमिंगच्या बुरशीची चार नावे

पेनिसिलिन हे नाव ज्याने ऐकले नाही असा सुशिक्षित मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही. त्याच्या शोधाची कथाही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हे औषध ज्या बुरशीने मानवजातीला दिले तिचे नाव काय, असा प्रश्न कोणी केला तर जाणकार म्हणविणाऱ्या माणसालाही क्षणभर थांबावे लागते. ह्यात त्याचा दोष नाही. ह्या बुरशीला ८३ वर्षांच्या अवधीत चार नावे मिळाली. पहिली तीन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून देण्यात आली. चौथे नाव तिच्या पेशींतील डीएनए वाचून निश्चित झाले. ह्या चार नावांची हकीकत वरवर पाहता पंडितांच्या वादासारखी वाटेल. पण त्यांतील एका नावावर महायुद्धाच्या काळात हजारो जखमी माणसांचे प्राण अवलंबून होते.

पावसाळ्यात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, चामड्याच्या चपलांवर आणि दोन दिवस राहिलेल्या भाकरीवर जी हिरवट-निळसर भुकटी धरते ती आपल्या दृष्टीने नुसती ‘बुरशी’ असते. कवकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ती एखाद्या मोठ्या गावासारखी असते. पेनिसिलियम हे त्या गावातील एक भरगच्च घराणे. इ. स. १८०९ मध्ये लिंक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ते नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ छोटा कुंचला. सूक्ष्मदर्शकाखाली ह्या बुरशीचे बीजाणू कुंचल्याच्या केसांप्रमाणे ओळींनी उभे दिसतात, म्हणून हे नाव. शास्त्रीय नावात पहिला शब्द घराण्याचा आणि दुसरा त्यातील जातीचा असतो. आपल्याकडील आडनाव आणि नाव ह्यांची अदलाबदल केली म्हणजे झाले. आज ह्या एकाच घराण्यात चारशेहून अधिक जाती मानल्या जातात, आणि सगळ्यांच्या हाती तोच कुंचला!

त्यांतून एकेकीला निवडून काढणे हे चिकाटीचे काम आहे. बुरशी ठरावीक अन्नावर वाढवावयाची, ठरावीक दिवसांनी तिचा व्यास मोजावयाचा, वरचा रंग व तळाचा रंग टिपावयाचा, कुंचल्याला फाटे किती आणि बीजाणू गुळगुळीत की खरबरीत हे पाहावयाचे. अडचण अशी, की अन्न बदलले, उष्णता थोडी कमीजास्त झाली की तीच बुरशी निराळी दिसू लागते. शाळेच्या गणवेशात रोज पाहिलेला मुलगा लग्नाच्या मांडवात फेटा बांधून समोर आला तर त्याच्या मास्तरांनाही पटकन ओळखू येत नाही, तशातलीच ही गत.

इ. स. १९२८ च्या सप्टेंबर महिन्यात अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवरून लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील आपल्या प्रयोगशाळेत परतला. तेथे पू निर्माण करणाऱ्या जंतूंच्या एका बशीत त्याला बुरशीचा ठिपका आढळला. त्या ठिपक्याभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. फ्लेमिंग जंतुशास्त्रज्ञ होता, बुरशीचा जाणकार नव्हता. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर ला टूश नावाचा तरुण आयरिश कवकशास्त्रज्ञ काम करीत असे. दम्याचे रुग्ण ज्या घरांत राहतात तेथील बुरशी गोळा करून वाढविणे हा त्याचा उद्योग होता. फ्लेमिंगच्या बशीत पडलेला बीजाणू बहुधा ला टूशच्याच खोलीतून जिन्याने वर आला असावा, असे पुढे अनेकांनी मानले आहे. म्हणजे नाव विचारावयास फ्लेमिंग ज्याच्याकडे गेला, त्याच्याच खोलीतून ती पाहुणी आली असण्याचा संभव होता! ला टूशने तिला पेनिसिलियम रूब्रम म्हणून ओळखले. रूब्रम म्हणजे तांबडी. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात फ्लेमिंगने आपली बुरशी रूब्रमशी सर्वाधिक मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. हे पहिले नाव.

ते चुकीचे होते. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड रेस्ट्रिक ह्याने फ्लेमिंगच्या बुरशीवर काम सुरू केले, तेव्हा ती अमेरिकेच्या शेतकी खात्यातील चार्ल्स थॉम ह्याच्या नजरेखाली गेली. पेनिसिलियम घराण्याचा थॉमइतका जाणकार त्या काळी जगात दुसरा नव्हता. त्याने निर्णय दिला, की ही रूब्रम नव्हे. १९११ साली वेस्टलिंग ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने वर्णिलेली पेनिसिलियम नोटेटम ही जाती ती हीच. हे दुसरे नाव, आणि आपल्याकडील शालेय पुस्तकांतून अनेक पिढ्यांनी पाठ केले ते हेच.

थॉमने केवळ नाव बदलले असे नव्हे. त्याने त्या बुरशीचे नातलग दाखवून दिले. नोटेटमची निकटची बहीण म्हणजे पेनिसिलियम क्रायसोजीनम; तिचे वर्णन १९१० साली खुद्द थॉमनेच केले होते. ह्या नात्याचे मोल दहा वर्षांनी कळावयाचे होते.

ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि हीटली ह्यांनी १९४० च्या मे महिन्यात उंदरांवर पेनिसिलिनचा प्रयोग यशस्वी केला. १९४१ च्या फेब्रुवारीत आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलीस शिपायाला ते टोचण्यात आले. चेहऱ्याला व डोळ्यांना विषबाधा होऊन तो मरणोन्मुख झाला होता. चार-पाच दिवसांत त्याचा ताप उतरला, त्याला अन्न जाऊ लागले. पण औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन गाळून, शुद्ध करून पुन्हा त्यालाच टोचण्यापर्यंत पाळी आली. तेही पुरले नाही, आणि १५ मार्च रोजी तो दगावला. औषध खरे होते, रोगीही त्याला वश झाला होता. उणीव होती ती फक्त मात्रेची. फ्लेमिंगच्या बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन इतके तुटपुंजे होते, की एका माणसालाही ते पुरे पडले नाही.

त्याच वर्षी जुलै महिन्यात फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. तेथे त्यांची गाठ पडली ती चार्ल्स थॉमशी. त्याने त्यांना इलिनॉय प्रांतातील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेकडे पाठविले. मक्यापासून पिष्ट काढताना उरणारे पाणी अन्न म्हणून दिले की ही बुरशी पुष्कळ अधिक पेनिसिलिन देते, हे तेथे लक्षात आले. तरीही गरजेच्या मानाने ते थोडेच. तेव्हा अधिक उदार अशी एखादी बहीण शोधावयाची ठरले. कोठे शोधावयाची? येथे थॉमचे वर्गीकरण उपयोगी पडले. केनेथ रेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोटेटम व क्रायसोजीनम ह्या गटावर मुख्य भर दिला. देशोदेशीची माती मागविण्यात आली. अमेरिकन सैन्याची विमाने ती आणून देत. आणि एवढ्या खटाटोपानंतर सर्वांत गुणी वाण मिळाले ते प्रयोगशाळेच्या गावातच, १९४३ साली, पिओरियाच्या बाजारातील एका बुरसलेल्या खरबुजावर! प्रयोगशाळेतील मेरी हंट ह्या तरुणीच्या नावाशी ही कथा जोडली गेली आहे. संग्रहातील त्या वाणाचा क्रमांक १९५१ असा आहे. तो सालाचा आकडा नसून नोंदीचा आहे, हे सांगितले नाही तर वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव आहे.

ते खरबुजावरचे वाण क्रायसोजीनम म्हणून नोंदले गेले. त्याच्यावर क्ष-किरणांचा आणि नंतर अतिनील किरणांचा मारा करून विस्कॉन्सिन विद्यापीठात व अन्यत्र त्याची अधिकाधिक फलदायी संतती निपजविण्यात आली. कारखान्यांतून आज जे पेनिसिलिन निघते ते मुख्यत्वे ह्याच खरबुजाच्या वंशाचे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा ह्या दूरच्या कथेचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन पोचला. त्यापूर्वी ज्या कुटुंबांतून बाळंतरोगाने वा न्यूमोनियाने माणसे गेली, त्यांना त्या कुपीचे मोल निराळे सांगावयास नको.

ह्यानंतर तिसरे नाव. जसजशी अधिकाधिक वाणे गोळा झाली तसतशी नोटेटम आणि क्रायसोजीनम ह्यांमधील सीमारेषा पुसट होऊ लागली. एकीची म्हणून सांगितलेली लक्षणे दुसरीत दिसू लागली. १९७७ साली नेदरलँड्समधील रॉबर्ट सॅमसन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ह्या गटाची कसून तपासणी केली आणि निर्णय दिला, की ही निरनिराळी नावे एकाच जातीची आहेत. सर्वांना क्रायसोजीनम म्हणावे. नोटेटम हे नाव अशा रीतीने निवृत्त झाले. डोळ्यांना जे दिसत होते त्यावरून पाहता हा निर्णय प्रामाणिक आणि योग्यच होता. जेथे दोन गोष्टींत फरक दाखविता येत नाही तेथे त्या दोन मानणे हे शास्त्र नव्हे, हट्ट होय. ह्या नावाला पुढे २००५ साली व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत खास संरक्षणही मिळाले. आता प्रकरण मिटले असे कोणालाही वाटले असते.

परंतु तोवर बुरशी ओळखण्याचे साधनच बदलले होते. ते कसे, हे समजण्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे वळणे सोयीचे होईल. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना तेथील पंडितांनी देशभरातील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहिली. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून चूक होते. त्या पोथीवरून पुढे ज्या नकला होतात त्यांत ती चूक तशीच उतरते आणि काही नव्या चुकांची भर पडते. दोन दूरच्या प्रांतांतील पोथ्यांत तीच वेगळी चूक आढळली, तर त्यांचा मूळ धनी एक. अक्षराचे वळण किंवा कागदाचा रंग ह्यांवरून पोथीचे घराणे ठरत नाही. ते ठरते पाठभेदांवरून.

डीएनए ही अशीच एक पोथी आहे. तिच्यात अक्षरे चारच, पण ती लक्षावधींच्या संख्येने एकापुढे एक लिहिलेली. प्रत्येक पिढीत तिची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. जी पाने जगण्याला अत्यावश्यक असतात त्यांतील बदल टिकत नाहीत, कारण तो जीवच टिकत नाही. मधल्या मोकळ्या जागेत मात्र बदल निर्वेधपणे साठत जातात. पोथीचे हवे तेवढेच पान कोट्यवधी प्रतींत छापून घेण्याची युक्ती कॅरी मुलिस ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९८३ साली सुचली. व्हाइट, ब्रन्स, ली आणि टेलर ह्या चौघांनी १९९० साली त्या युक्तीचा उपयोग करून बुरशीच्या पोथीतील एक विशिष्ट मोकळी जागा वाचण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. पुढे २०१२ साली तीच जागा सर्व बुरशींची अधिकृत ओळखखूण म्हणून सुचविली गेली. आजारी माणसाच्या फुप्फुसातील बुरशी कोणती, धान्याच्या कोठारातील कोणती, हे ठरविण्यासाठी आता जगभर प्रथम तेच पान उघडतात.

फ्लेमिंगच्या बुरशीपाशी मात्र हे पान मुके ठरले. क्रायसोजीनम आणि तिच्या निकटच्या बहिणी ह्यांच्यात तेथे उपयोगी पडेल असा फरक मिळेना. उट्रेख्त येथील बुरशीसंग्रहात काम करणारा योस हाउब्राकेन, डेन्मार्कचा येन्स फ्रिस्वाद आणि एक तिसरा संशोधक ह्यांनी मग पोथीची दुसरी पाने उघडली. पेशीचा सांगाडा घडविणाऱ्या प्रथिनाचे जनुक, कॅल्शियमशी निगडित असलेल्या एका प्रथिनाचे जनुक, अशी निरनिराळी पाने त्यांनी अनेक वाणांत ताडून पाहिली. प्रत्येक पानावर एकच गोष्ट दिसू लागली. ज्याला सर्वजण क्रायसोजीनम म्हणत होते त्यात दोन स्वतंत्र घराणी नांदत होती. फ्रिस्वाद हा बुरशी कोणती रसायने बनविते ह्याचा तज्ज्ञ. एक घराणे सेकॅलॉनिक आम्ल नावाची द्रव्ये तयार करते, दुसरे करीत नाही, असे रासायनिक परीक्षणातही आढळले. रसायनशास्त्राने दिलेली साक्ष आणि डीएनएने दिलेली साक्ष एकमेकींशी जुळली.

फ्लेमिंगची बुरशी कोणत्या घराण्यातील निघाली? क्रायसोजीनमच्या नव्हे, दुसऱ्या! पिओरियाच्या खरबुजाचा वंशही त्याच दुसऱ्या घराण्यातला. आता ह्या घराण्याला नाव काय द्यावे? सामान्य माणूस म्हणेल, फ्लेमिंगचे द्यावे. परंतु नामकरणाचा नियम कडक आहे: त्या जातीला नियमानुसार दिलेले जे सर्वांत जुने नाव असेल तेच चालावयाचे. शोध घेता बेल्जियममधील बियूर्ज ह्या शास्त्रज्ञाने १९२३ साली, म्हणजे फ्लेमिंगच्या बशीच्या पाच वर्षे आधी, ह्याच जातीच्या एका वाणाचे वर्णन करून तिला पेनिसिलियम रूबेन्स म्हटल्याचे दिसून आले. ते नाव पुढे इतर नावांच्या ओझ्याखाली दडपून गेले होते. पण वाण संग्रहात जिवंत राहिले होते, म्हणून त्याची पोथी उघडून खात्री करून घेता आली. २०११ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच निर्णय आहे: फ्लेमिंगची बुरशी क्रायसोजीनम नव्हे, रूबेन्स.

ह्या निबंधाचा तिसरा लेखक कोण होता? रॉबर्ट सॅमसन. ज्याने १९७७ साली सर्व नावे एकत्र करून क्रायसोजीनमच्या पदरात घातली होती, तोच. चौतीस वर्षांपूर्वी आपण दिलेला निर्णय जगाने मानला, पुस्तकांत छापला. तो आता टिकत नाही, हे त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिले. विद्वत्सभेत दुसऱ्याची चूक दाखविणारे पुष्कळ भेटतात. आपलीच चूक खोडणारा विद्वान विरळा.

रूब्रम आणि रूबेन्स ह्या दोन शब्दांतील साम्यही वाचकांच्या ध्यानात आले असेल. दोन्हींचा अर्थ तांबूस. तेव्हा ला टूशच बरोबर होता काय? तसे नाही. त्याची रूब्रम ही निराळीच जाती. हे साम्य शब्दांपुरतेच आहे. मात्र एका बाबतीत त्याच्या कामाला दुजोरा मिळाला. रूबेन्स ही घरांतील हवेत आणि धुळीत नेहमी आढळणारी बुरशी आहे. दमेकऱ्यांच्या घरांतील बुरशी वाढविणाऱ्या खोलीतून ती जिन्याने वर गेली असेल, ही जुनी समजूत त्यामुळे अधिकच संभाव्य वाटू लागते.

त्याच २०११ साली मेलबर्न येथे भरलेल्या परिषदेने बुरशींच्या नामकरणातील आणखी एक जुनी रूढी मोडली. अनेक बुरशींची नर-मादी संयोगाची अवस्था कोणी पाहिलेली नसे. अशांना ‘अपूर्ण’ ठरवून एका वेगळ्या वर्गात ठेवीत; तो वर्ग म्हणजे शास्त्रज्ञांनी चालविलेला एक अनाथाश्रमच होता. पुढेमागे संयोगावस्था सापडली की तिला दुसरे नाव मिळे, आणि एकाच जिवाला कायदेशीर रीतीने दोन नावे चालत. डीएनए वाचता येऊ लागल्यावर ह्या अनाथांचे आईबाप कोण ते आपोआप कळू लागले, आणि एका बुरशीला एकच नाव हा नियम झाला. पेनिसिलिन देणारी बुरशीही शतकभर अशीच निःसंग मानली गेली होती. २०१३ साली जर्मन शास्त्रज्ञांनी अंधारात, योग्य अन्नावर, दोन विरुद्ध प्रकारची वाणे एकत्र वाढवून त्यांचा संयोग घडवून आणला. खरबुजाच्या वंशात किरणांचा मारा करून जे साधले ते पुढे संकराने साधता यावे, ही त्यामागील आशा.

फ्लेमिंगच्या मूळ बुरशीचे नमुने अजून जतन केलेले आहेत. इंग्लंडमधील एगम येथील संग्रहात अतिथंड अवस्थेत ठेवलेला असा एक नमुना तेथील संशोधकांनी काही वर्षांपूर्वी पुन्हा वाढविला आणि त्याची संपूर्ण पोथी वाचली. अमेरिकेतील दोन औद्योगिक वाणांशी ती ताडून पाहता २०२० साली दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या. पेनिसिलिन किती बनवावयाचे हे ठरविणाऱ्या जनुकांच्या प्रती अमेरिकन वाणांत अधिक आहेत. ते अपेक्षितच होते, कारण त्यांची निवडच अधिक उत्पादनासाठी झाली होती. पण पेनिसिलिन प्रत्यक्ष घडविणाऱ्या जनुकांतही इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या बुरशींत थोडेथोडे पाठभेद आढळले. दोन देशांतील रानटी बुरशी आपापल्या प्रदेशातील जंतूंशी झगडताना थोड्या निराळ्या मार्गांनी गेल्या असाव्यात, असे त्यावरून दिसते. पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू रुग्णालयांतून वाढत असताना हे छोटे पाठभेद आता बारकाईने वाचले जात आहेत.